ओपनडब्ल्यूआरटी राउटरची पॅकेजं: सांगली-मिरजेतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात मी दुकानं, दवाखाने, अभ्यासिका आणि शीतगृहांसाठी राउटर बसवून देतो. त्यातले बरेचसे ओपनडब्ल्यूआरटीवर, म्हणजे राउटरसाठीच्या खुल्या, लिनक्सवर आधारलेल्या फर्मवेअरवर (राउटरच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरवर) चालतात. फोनवर येणारे प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. आज्ञा फोनवर सांगतो तशाच, उच्चारानुसार लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या, एवढं लक्षात ठेवा.

पॅकेज म्हणजे फोनवरच्या ॲपसारखंच ना?

टाकायचं आणि काढायचं, इतक्यापुरतंच साम्य. फोनमध्ये १२८ जीबी जागा असते, राउटरमध्ये कधी कधी ८ एमबी. म्हणजे फोनवरच्या एका फोटोएवढ्या जागेत अख्खी लिनक्स, वायफायचा ड्रायव्हर, फायरवॉल आणि सेटिंगचं वेबपान कोंबलेलं असतं. एवढ्याशा खोलीत नवं कपाट आणताना दार आधी मोजावं लागतं. खालच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ याच अडचणीत आहे.

आयपीके फाइल उघडली तर आत काय असतं?

उघडून बघाच, भीती मोडते. ओपनडब्ल्यूआरटीची आयपीके, म्हणजे पॅकेजची फाइल, ही साधी टार-जीझिप (फाइली एकत्र बांधून दाबलेली) पुडी. टार आज्ञेनं ती सोडली की तीन वस्तू निघतात. पहिली, डेबियन-बायनरी नावाची चिमुकली फाइल, जिच्यात फक्त २.० एवढंच लिहिलेलं असतं. दुसरी कंट्रोल नावाची पुडी: पॅकेजचं नाव, आवृत्ती, कोणत्या प्रोसेसरसाठी आहे, आणखी कोणकोणती पॅकेजं लागतात, आणि बसवल्यावर किंवा काढण्याआधी चालवायच्या स्क्रिप्ट. तिसरी डेटा नावाची पुडी. खरा माल तिच्यात. यूएसआर, ईटीसी अशा फोल्डरांची रचना जशी राउटरवर हवी तशीच आत मांडलेली असते.

पुडीत पुडी हा घाट डेबियनच्या डेब फाइलवरून आला आहे. फरक बाहेरच्या वेष्टनाचा. डेबचं वेष्टन एआर प्रकारचं असतं, ओपनडब्ल्यूआरटीनं तिथं टार-जीझिप वापरलं. आयपीके नावातला आय 'इट्सी'चा. हा डीईसी कंपनीच्या प्रयोगशाळेतला खिशात मावणारा प्रायोगिक संगणक. हातातल्या छोट्या यंत्रांसाठी त्या परिवारात आयपीकेजी हे साधन तयार झालं. पुढं ओपनमोको या खुल्या मोबाइल प्रकल्पानं त्याची शाखा काढली, तिचं नाव ओपीकेजी. ओपनडब्ल्यूआरटीत २४.१० मालिकेपर्यंत पॅकेजं टाकायचं-काढायचं काम तेच करतं; २५.१२ पासूनचा बदल पुढं सांगितला आहे. जो फोन बाजारात फारसा चालला नाही, त्याचं एक साधन पुढं घरोघरच्या राउटरमध्ये जाऊन बसलं, याची मला अजून गंमत वाटते.

डेबियन किंवा उबुंटूची डेब फाइल टाकली तर?

चालणार नाही, आणि ओढूनताणून बसवूही नका. वेष्टन बदलून काम भागत नाही. डेबियनमधले प्रोग्राम जीलिबसी या मूळ लायब्ररीवर उभे असतात, ओपनडब्ल्यूआरटी मसल नावाच्या हलक्या लायब्ररीवर. शिवाय प्रोसेसर वेगळा. राउटरमध्ये बहुधा मिप्स किंवा आर्म असतो, तुमच्या संगणकात इंटेल किंवा एएमडी.

माझ्या राउटरला कोणती फाइल लागते ते कसं कळणार?

'ओपीकेजी प्रिंट-आर्किटेक्चर' ही आज्ञा द्या. जुन्या क्वालकॉम-अथेरॉस चिपवर मिप्स २४केसी दिसेल, मीडियाटेक एमटी७६२१ वर मिप्सेल २४केसी, नव्या फिलॉजिक चिपवर एआर्च६४ कॉर्टेक्स-ए५३. मिप्स आणि मिप्सेल यांत शेवटच्या 'ईएल' या दोन अक्षरांचा फरक दिसतो, पण बाइटांचा क्रमच उलटा असतो. एकाची फाइल दुसऱ्यावर कधीच चालत नाही. राउटरच्या खोक्यावरचं मॉडेल बघून फाइल निवडू नका. एकाच मॉडेलच्या व्ही१ आणि व्ही३ मध्ये चिपच वेगळी असलेली मी अनेकदा पाहिली आहे. पाठीवरच्या स्टिकरवरची आवृत्ती वाचा.

पॅकेज काढलं तरी जागा मोकळी का होत नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. थोडं सविस्तर सांगतो.

शाळेत छापील नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून आपण नद्या गिरवायचो. राउटरची फ्लॅश तशीच दोन थरांची असते. खालचा थर स्क्वॉशएफएस. तो फर्मवेअर टाकताना एकदाच छापला जातो, त्यात नंतर एक अक्षर बदलत नाही. वरचा थर ओव्हरले, म्हणजे ट्रेसिंग पेपर. तुम्ही बदललेली सेटिंग आणि नंतर टाकलेली पॅकेजं त्यावर उमटतात. वरून बघणाऱ्याला दोन्ही मिळून एकच चित्र दिसतं.

आता छापील नकाशातलं पॅकेज तुम्ही 'काढलं', तर होतं काय? ट्रेसिंग पेपरवर त्या जागी पांढरा ठिपका पडतो, 'हे बघू नका' असा. खालची छपाई तिथंच राहते. जागा एक किलोबाइटनंही वाढत नाही, उलट ठिपक्यांची थोडी भरच पडते. छापील पॅकेजची नवी आवृत्ती टाकली तर जुनी खाली तशीच आणि नवी वर. एकाच वस्तूचं भाडं दोन खोल्यांत.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तेच पॅकेज फर्मवेअरमध्ये आधीच घालून छापलं तर कमी जागा घेतं. स्क्वॉशएफएस मोठमोठे तुकडे एकत्र दाबून बसवते, आणि तिथं एक्सझेड ही घट्ट दाबणारी पद्धत वापरलेली असते. वरच्या थरात जेएफएफएस२ असेल तर दाबणं छोट्या छोट्या तुकड्यांत होतं, म्हणून तितकं घट्ट बसत नाही. ८ एमबीच्या राउटरवर 'जागा नाही' म्हणून अडलेलं पॅकेज, फर्मवेअरमध्ये घालून छापलं की आरामात मावलं, हे मी माझ्याच बाकावर पाहिलं आहे.

जागा बघायला 'डीएफ डॅश एच' द्या आणि ओव्हरले असं लिहिलेल्या ओळीवरचाच आकडा वाचा. रॉमच्या ओळीत नेहमी १०० टक्के भरलेलं दिसतं. ते बरोबरच आहे, घाबरून फोन करू नका.

मग फॅक्टरी रीसेटनं काय होतं?

ट्रेसिंग पेपर फाडून नवा ठेवला जातो. नंतर टाकलेली पॅकेजं आणि सेटिंग गेली, छापील नकाशा शाबूत.

माझ्याकडे ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचा जुना राउटर आहे. त्यावर काय काय टाकता येईल?

काही नाही. त्यावर नवी आवृत्तीच धड बसत नाही. रॅमही आड येते, कारण उतरवलेली फाइल आधी रॅममधल्या टीएमपीत येते आणि मग बसते. ८ आणि ६४ वाला राउटर तग धरतो, पण नवा घेणार असाल तर निदान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम बघा. दोनशे-चारशे रुपये वाचवायला गेलेल्यांचे फोन मला वर्षभर येत राहतात.

काल पॅकेज सापडत होतं. रात्री लाइट जाऊन आली, आज 'अननोन पॅकेज' म्हणतंय.

बिघाड नाही. पॅकेजांची यादी ओपीकेजी रॅममध्ये ठेवतं, फ्लॅशवर नाही. फ्लॅश झिजू नये आणि जागाही वाचावी म्हणून. राउटर बंद पडला की यादी पुसली जाते. 'ओपीकेजी अपडेट' पुन्हा द्या. बसवलेली पॅकेजं कुठं जात नाहीत, त्यांची नोंद यूएसआर-लिब-ओपीकेजी फोल्डरात असते.

नेट व्यवस्थित चालतंय, तरी अपडेट सर्टिफिकेटच्या चुकीनं अडतंय. असं का?

घड्याळ बघा. 'डेट' एवढंच टाइप करा.

तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाण्याच्या शीतगृहातला राउटर हंगाम संपल्यावर खोक्यात घालून ठेवला होता. चार-साडेचार महिन्यांनी लावला. नेट आलं, कॅमेरे दिसू लागले, पण अपडेट होईना. अडत्यांच्या मुलानं तीनदा रीसेट केलं, मग मला बोलावलं. डेट दिल्यावर तारीख निघाली चार महिन्यांपूर्वीची.

कारण असं. बहुतेक राउटरमध्ये संगणकासारखा बटणसेल नसतो, त्यामुळं बंद असताना घड्याळ थांबतं. सुरू होताना ओपनडब्ल्यूआरटी एक तोडगा काढते: ईटीसी फोल्डरातल्या सगळ्यात ताज्या फाइलची तारीख बघते आणि निदान तिथून घड्याळ चालू करते. पुढं एनटीपीनं, म्हणजे नेटवरच्या वेळ-सर्व्हरला विचारून, खरी वेळ मिळते. पण त्या जोडणीवर एनटीपीचं १२३ नंबरचं पोर्ट पुरवठादारानंच अडवलेलं होतं. राउटर राहिला चार महिने मागं. आता लेट्स एन्क्रिप्टसारख्या सर्टिफिकेटची मुदत ९० दिवसांची. म्हणजे आजचं सर्टिफिकेट त्या राउटरच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही. मग तो विश्वास कसा ठेवणार?

'डेट डॅश एस' देऊन आजची तारीख घातली आणि अपडेट लगेच झालं. पुरवठादाराच्या माणसाला पोर्टबद्दल सांगितलं तर तो म्हणाला, "वरून आहे ते." वर म्हणजे कुठं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

के-मॉड वालं पॅकेज 'कर्नल जुळत नाही' म्हणून बसत नाही.

के-मॉड म्हणजे लिनक्स कर्नलचा सुटा भाग, यूएसबी किंवा फोरजी डोंगलचा ड्रायव्हर वगैरे. तो ज्या कर्नलसाठी बांधला त्यालाच बसतो. कर्नलच्या आवृत्तीबरोबर त्याच्या बांधणीची खूणही तंतोतंत जुळावी लागते. पक्क्या आवृत्तीवर असाल तर सहसा अडचण येत नाही, कारण त्या आवृत्तीचे के-मॉड तिच्याच फोल्डरात तसेच राहतात. स्नॅपशॉट, म्हणजे विकास चालू असलेली कच्ची आवृत्ती, वापरत असाल तर रोज नवी बांधणी. परवाचं फर्मवेअर आणि आजचा के-मॉड हे जमत नाही. जबरदस्तीचा पर्याय देऊन बसवू नका, राउटर चालू होता होता अडकेल. दुकानाच्या राउटरवर स्नॅपशॉट टाकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डीएनएसमास्क काढून डीएनएसमास्क-फुल टाकायचं आहे. सरळ काढू का?

थांबा! हे मी करून बसलो आहे.

विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत काही साइटी वेगळ्या जोडणीनं पाठवायच्या होत्या, त्यासाठी फुल आवृत्ती लागणार होती. दोन्हींच्या फाइली एकाच जागेवर हक्क सांगतात, म्हणून जुनं आधी काढावं लागतं. मी काढलं. आणि मग लक्षात आलं की राउटरला नावावरून पत्ता शोधून देणारा तोच होता. आता नवं पॅकेज उतरवायला सर्व्हरचं नाव द्यावं, तर पत्ता सांगणारं कुणी नाही. नव्यानं जोडणाऱ्या फोनांना आयपी वाटायचं कामही त्याच्याकडंच. पूर्वपरीक्षा आठवड्यावर आलेली, चाळीस पोरं मोबाइल वर करून माझ्याकडं बघतायत. लॅपटॉपला आधी मिळालेला पत्ता टिकून होता म्हणून आत शिरता आलं. टीएमपीमधल्या रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ फाइलीत हातानं नेमसर्व्हर ९.९.९.९ लिहिला आणि गाडी रुळावर आली.

बरोबर क्रम असा: आधी टीएमपीत जाऊन 'ओपीकेजी डाउनलोड'नं फुल आणि त्याला लागणारी पॅकेजं उतरवून घ्या. मग जुनं काढा आणि उतरवलेली फाइल लगेच बसवा. वायफायचा पासवर्ड तपासून जोडणी देणाऱ्या डब्ल्यूपॅड पॅकेजांचंही असंच. ते बदलताना वायफायवरून काम करू नका, केबल लावा. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालण्याचाच तो प्रकार.

'अपग्रेडेबल' यादीत तीस पॅकेजं दिसतायत. सगळी एका झटक्यात अपग्रेड करू का?

नको. इंटरनेटवर त्यासाठी एका ओळीची आज्ञा फिरते, तिनं बंद पडलेले राउटर माझ्याकडं पिशवीत घालून आले आहेत. दोन कारणं. ट्रेसिंग पेपर आठवा: तीसही पॅकेजं दोनदा जागा खाणार, आणि मध्येच जागा संपली तर अर्धी नवी, अर्धी जुनी. दुसरं, ओपीकेजी एकेक पॅकेज बदलत जातं. लायब्ररी नवी आणि तिच्यावर उभा प्रोग्राम जुना, अशी अवस्था होऊ शकते. सुरक्षेसाठी एखादं पॅकेज बदलायचं असेल तर तेवढं एकच बदला. नाहीतर अख्खं फर्मवेअर नव्या आवृत्तीचं टाका.

फर्मवेअर नवं टाकलं की माझी पॅकेजं जातात. दरवेळी पुन्हा टाकायची का?

सिसअपग्रेड, म्हणजे नवं फर्मवेअर चढवणारी आज्ञा, सेटिंग जपते, पॅकेजं जपत नाही. छापील नकाशाच बदलला की जुना ट्रेसिंग पेपर त्यावर जुळणार कसा? म्हणून पॅकेजं छपाईतच घाला. ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर फर्मवेअर सिलेक्टर आहे. मॉडेल निवडा, पॅकेजांच्या चौकटीत नावं लिहा, नको असलेल्या नावापुढं वजाचं चिन्ह लावा आणि बांधायला सांगा. काही मिनिटांत तुमच्यासाठी छापलेली फाइल हातात. घरी पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन नेट जोडायची पद्धत) लागत नसेल तर पीपीपी पुढं वजा, आणि ती जागा खरोखर सुटते. नुसतं काढून जी कधीच सुटली नसती, तीच.

हेच काम आपल्या संगणकावर करायचं असेल तर इमेज बिल्डर आहे. त्यात काहीही कंपाइल होत नाही, तयार पॅकेजं रचून छापली जातात, त्यामुळं जुन्या लॅपटॉपवरही चालतं. एका धर्तीचे पाच-सहा राउटर बसवायचे असले की मी हेच करतो. २४.१० पासून ओडब्ल्यूयूटी नावाची आज्ञा मिळते. ती तुमची सध्याची पॅकेजं बघून तशीच नवी प्रतिमा (फर्मवेअरची फाइल) सर्व्हरवर बांधून घेते. जुन्या आवृत्तीवर असाल तर 'सिसअपग्रेड'ला डॅश के जोडा, बॅकअपमध्ये पॅकेजांच्या नावांची यादी येते. नाहीतर वहीत लिहून ठेवा, तेही चालतं.

ओपीकेजी जाऊन एपीके आलं म्हणतात. हे अँड्रॉइडचं का?

नाही. नाव तेच, नातं काही नाही. एका गिऱ्हाइकानं फोनवरच्या खेळाची एपीके मला पाठवून "ही राउटरवर टाका की," म्हणून विचारलं होतं. हे एपीके अल्पाइन लिनक्सचं आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या विकासशाखेत ते नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. २४.१० ही ओपीकेजीची शेवटची मालिका, २५.१२ पासून एपीके.

आज्ञा थोड्या बदलल्या. इन्स्टॉल ऐवजी ॲड, रिमूव्ह ऐवजी डेल, अपडेट तेच. आर्किटेक्चर बघायला 'एपीके डॅश डॅश प्रिंट-आर्च'. सवय व्हायला एक दिवस लागतो.

आतला फरक मोठा आहे. तुम्हाला काय काय हवं याची यादी एपीके ईटीसी-एपीके फोल्डरातल्या वर्ल्ड नावाच्या फाइलीत ठेवतं. काहीही करताना आधी सगळं गणित मांडतं, कोण कोणावर अवलंबून आहे आणि कुणाचं कुणाशी भांडण आहे. गणित सुटलं तरच हात लावतं. ओपीकेजी किराणा दुकानातल्या पोरासारखं एकेक वस्तू आणून देतं, एपीके आधी अख्खी यादी वाचतं. काढतानाही फरक पडतो: एखादं पॅकेज गेलं की फक्त त्याच्यासाठी आलेली पॅकेजंही एपीके आपोआप काढतं. ओपीकेजीला त्यासाठी ऑटोरिमूव्ह वेगळं सांगावं लागे, आणि ते कुणी सांगत नसे.

जुनी आयपीके फाइल एपीकेला चालत नाही. सेटिंगच्या फाइलीत तुम्ही बदल केले असतील तर नवी प्रत शेजारी डॉट-एपीके-न्यू या शेपटीनं ठेवली जाते, ओपीकेजीत ती डॅश-ओपीकेजी शेपटीनं असे.

कुणीतरी टेलिग्रामवर दिलेली आयपीके टाकू का?

राउटरवरचं पॅकेज रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकारानं बसतं. तुमचं सगळं नेट त्यातून जातं. ओळखीच्या माणसानं बांधलेली आणि त्याचा सोर्स बघता येतो अशी असेल तरच विचार करा.

अधिकृत भांडारात पॅकेजांच्या यादीवर सही असते आणि यादीत प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा. सही खरी आणि ठसा जुळला तरच पॅकेज बसतं, अशी योजना. ही योजनाही एकदा फसली होती. यादीतला ठसा वाचताना पुढं असलेल्या एका मोकळ्या जागेमुळं ओपीकेजी गडबडायचं आणि तपासणीच सोडून द्यायचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये शिरलेली ही चूक २०२० च्या सुरुवातीला गुइडो व्रँकेन या संशोधकानं दाखवली. १८.०६.७ आणि १९.०७.१ मध्ये ती दुरुस्त झाली. त्याआधीच्या १८.०६ किंवा १९.०७.० वर अजून कुणी असेल तर आजच बदला. डिसेंबर २०२४ मध्ये प्रतिमा बांधणाऱ्या सर्व्हरमध्येही दोष निघाला: विनंतीचा शा-२५६ ठसा ६४ अक्षरांऐवजी १२ अक्षरांपुरताच जपला जात होता, त्यामुळं दुसऱ्याच विनंतीची प्रतिमा तुमच्या नावावर खपवणं शक्य होतं. तोही दुरुस्त झाला.

जागा कमी पडते, पेनड्राइव्ह लावून वाढवता येईल?

येते, त्याला एक्स्ट्रूट म्हणतात. ट्रेसिंग पेपर फ्लॅशवरून पेनड्राइव्हवर हलवायचा. यूएसबीचे आणि ईएक्सटी४ चे के-मॉड मात्र छपाईत असायला हवेत, नाहीतर फर्मवेअर बदलल्यावर राउटरला पेनड्राइव्ह दिसणारच नाही. स्वस्त पेनड्राइव्ह चोवीस तास राउटरच्या उबेत फार टिकत नाहीत.

सेटिंगचं पान मराठीत मिळेल का?

ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंगच्या वेबपानाला लुसी म्हणतात. तिच्या भाषांत मराठी आहे. 'लुसी-आय१८एन-बेस-एमआर' टाका. भाषांतर अर्धवट आहे, काही शब्द इंग्रजीत दिसतील. वडीलधाऱ्यांना वायफायचा पासवर्ड बदलण्यापुरतं पुरतं.

आमच्या कुपवाडच्या कारखान्यात वेगळा लिनक्स बोर्ड आहे. त्यालाही आयपीके म्हणतायत?

योक्टोवर, म्हणजे अशा बोर्डांसाठी स्वतःची लिनक्स बांधायच्या साधनसंचावर, बांधलेला असेल. योक्टोत पॅकेज आयपीके, डेब किंवा आरपीएम यांपैकी कशात बांधायचं ते बांधणाऱ्यानं ठरवायचं असतं. आयपीके दिसली म्हणून ती ओपनडब्ल्यूआरटीची आहे असं धरू नका आणि एकीकडची दुसरीकडं बसवू नका. काही कंपन्यांच्या मूळ फर्मवेअरवर एंटवेअर नावाचं जादा पॅकेजांचं भांडार चालतं, तेही ओपीकेजी वापरतं, पण सगळं ऑप्ट फोल्डरात ठेवतं.

पॅकेज टाकलं आणि आता राउटर उघडतच नाही. घेऊन येऊ का?

आधी घरी फेलसेफ करून बघा. राउटर चालू करा, दिवा भराभर लुकलुकू लागला की रीसेट बटण दाबा. लुकलुकणं आणखी वेगवान झालं की फेलसेफ मिळालं. संगणकाला हातानं १९२.१६८.१.२ पत्ता द्या, केबल लावा आणि १९२.१६८.१.१ वर एसएसएच करा, म्हणजे संगणकावरून राउटरला थेट आज्ञा देता येतील. या वेळी राउटर फक्त छापील नकाशावर चालतोय, ट्रेसिंग पेपर बाजूला ठेवलाय. 'माउंट अंडरस्कोर रूट' देऊन तो परत लावा आणि त्रास देणारं पॅकेज काढा. तेही नाही जमलं तर 'फर्स्टबूट'.

एवढं करून उघडला नाही तर घेऊन या. येताना ॲडॅप्टर आणा, राउटरचा स्वतःचा. गेल्या पावसाळ्यात एकजण मिरजेहून दोनदा आला, दोन्ही वेळा नुसता राउटर घेऊन. तिसऱ्यांदा ॲडॅप्टर आणला, तो निघाला ९ व्होल्टचा. राउटर १२ व्होल्टचा होता.